फिनाइल अझाइडवर प्रकाश टाकला आणि हाती डांबर आलं: नायट्रीन गेलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. फिनाइल अझाइड (बेंझीन वलयावर तीन नायट्रोजनांची साखळी असलेलं संयुग) सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळवून पायरेक्सच्या नळीत यूव्ही दिव्यासमोर रात्रभर ठेवलं. नायट्रोजन निघून जाईल, मागे राहिलेलं फिनाइलनायट्रीन (एकच बंध असलेल्या नायट्रोजनाचा अतिशय क्रियाशील रेणू) द्रावकाच्या कार्बन-हायड्रोजन बंधात शिरेल आणि एन-सायक्लोहेक्झिल ॲनिलीन मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नळीच्या आतून तपकिरी थर, टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एक नारिंगी ठिपका, थोडंसं ॲनिलीन आणि बाकी सगळं डांबर. मग नायट्रीन बनलंच नाही का? आणि बंधातला हा शिरकाव घडवायचा तर काय बदलावं?

नायट्रीन बनलं होतं. पण तुमच्या द्रावकाला भेटायच्या आत ते स्वतःच्याच वलयात घुसलं. पाठ्यपुस्तकात नायट्रीन हे 'कार्बीनचं (दोनच बंध असलेल्या क्रियाशील कार्बनाचं) नायट्रोजन-भावंड' म्हणून एका परिच्छेदात उरकलं जातं, आणि कार्बीन जे करतं ते सगळं हेही करेल असा समज तिथूनच पक्का होतो. अल्कॉक्सीकार्बोनिल नायट्रीनला तो बऱ्यापैकी लागू पडतो, साध्या फिनाइलनायट्रीनला अजिबात नाही.

कारण इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. नायट्रीनमधल्या नायट्रोजनला एकच बंध असतो आणि बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन. त्यातली एक जोडी बंधात असते, दुसरी एस-गुण जास्त असलेल्या ऑर्बिटलमध्ये खोलवर बसते. उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनांसाठी जवळजवळ सारख्याच ऊर्जेची दोन पी ऑर्बिटल्स मोकळी असतात. दोन सारख्या खोल्या असल्या की हे दोघे एकेकट्याने, समांतर स्पिनने राहणं पसंत करतात, म्हणून मूळ अवस्था ट्रिपलेट; स्पिन विरुद्ध असले तर ती सिंगलेट. साध्या एनएचमध्ये (नायट्रोजन आणि एक हायड्रोजन) ट्रिपलेट आणि सिंगलेट यांच्यातला फरक सुमारे ३६ किलोकॅलरी प्रति मोल आहे, फिनाइलनायट्रीनमध्ये सुमारे १८. फिनाइलकार्बीनमध्ये हाच फरक जेमतेम काही किलोकॅलरी असतो. त्यामुळे कार्बीनमध्ये ट्रिपलेटकडून सिंगलेटकडे परत जाणं शक्य असतं. फिनाइलनायट्रीन एकदा ट्रिपलेट झालं की परतीचा रस्ता बंद.

फिनाइलनायट्रीनचं सिंगलेट रूपही कार्बीनच्या सिंगलेटसारखं नाही. कार्बीनमध्ये एक भरलेलं आणि एक रिकामं ऑर्बिटल असतं, आणि रिकाम्या ऑर्बिटलमुळेच ते कार्बन-हायड्रोजन बंधावर तुटून पडतं. फिनाइलनायट्रीनच्या सर्वांत खालच्या सिंगलेटमध्ये दोन्ही इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऑर्बिटल्समध्येच असतात, फक्त स्पिन विरुद्ध. त्यातला एक वलयात पसरतो, आणि कार्बन-नायट्रोजन बंध जवळजवळ दुहेरी होतो. म्हणजे रिकामं ऑर्बिटल नाही, आणि वलयाच्या ऑर्थो (नायट्रोजन जोडलेल्या कार्बनाच्या शेजारच्या) कार्बनावर मात्र इलेक्ट्रॉन उभा. नायट्रोजन आणि हा कार्बन यांनी हात मिळवले की तीन सदस्यांचं अझिरीन तयार होतं (या जोडवलयाला बेंझअझिरीन म्हणतात), ते लगेच उघडतं, आणि सात सदस्यांचं कीटेनइमीन (एकाच कार्बनावर कार्बनाशी आणि नायट्रोजनाशी दुहेरी बंध असलेलं संयुग) बनतं. त्याचं पूर्ण नाव १-अझा-१,२,४,६-सायक्लोहेप्टाटेट्राईन.

आता घड्याळ लावून बघू. मॅथ्यू प्लात्झ, निना ग्रित्सान आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लेझर फ्लॅश पद्धतीने (लेझरचा क्षणिक झोत टाकून लगेच शोषण मोजून) सिंगलेट फिनाइलनायट्रीन प्रत्यक्ष पाहिलं. ते ३५० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करतं आणि खोलीच्या तापमानाला साधारण १ नॅनोसेकंद जगतं. वलयविस्ताराचा (सहाचं वलय सातचं होण्याचा) अडथळा सुमारे ५.६ किलोकॅलरी आहे, म्हणजे वेग सेकंदाला १०⁹ च्या घरात. सिंगलेटमधून ट्रिपलेटमध्ये उतरण्याचा वेग सुमारे ३ × १०⁶, आणि तो तापमानाने फारसा बदलत नाही. शुद्ध सायक्लोहेक्झेनची संहती ९.२ मोलर. १ नॅनोसेकंदाशी बरोबरी करायची तर द्रावकाशी होणाऱ्या अभिक्रियेचा द्विरेणवीय वेगांक १०⁸ च्या वर हवा. रिकामं ऑर्बिटल नसलेल्या या सिंगलेटचा वेग त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून दिवा बदलून, वेळ वाढवून किंवा द्रावक आणखी कोरडा करून हा शिरकाव होणार नाही.

तुमच्या नळीतल्या एकेका पदार्थाचा हिशेबही इथेच लागतो. डांबर हे कीटेनइमीनचं: त्याला न्यूक्लिओफाइल (अमीनसारखा इलेक्ट्रॉन देणारा जोडीदार) मिळालं नाही की ते एकमेकांना जोडून पॉलिमर होतं, आणि काचेवर चिकटलेला तपकिरी थर प्रकाश अडवतो. नारिंगी ठिपका अझोबेंझीनचा. तो ट्रिपलेटकडून येतो, दोन ट्रिपलेट भेटले तर किंवा एक ट्रिपलेट न विघटलेल्या अझाइडवर आदळलं तर. ॲनिलीनही ट्रिपलेटचंच: ते द्रावकातून एकेक करून दोन हायड्रोजन खेचतं. द्रावणात हवा राहिली असेल तर नायट्रोसोबेंझीन आणि नायट्रोबेंझीनच्या खुणाही दिसतील.

नायट्रीन बनलं होतं याची खात्री एका दुपारात करता येते. अझाइडचं ०.०१ मोलर द्रावण घ्या, त्यात १० ते २० टक्के ताजं ऊर्ध्वपातित डायएथिलअमीन घाला, आर्गॉन १५ मिनिटं सोडा आणि प्रकाश द्या. डोरिंग आणि ओडम यांनी १९६६ मध्ये केलेला हाच प्रयोग. अमीन कीटेनइमीनला पकडतं आणि २-डायएथिलअमिनो-३एच-अझेपीन मिळतं. डांबर एकदम कमी होतं. इथे एक सापळा आहे. अझेपीनचा रेणुभार १६४. पण नायट्रीन थेट अमीनच्या नायट्रोजन-हायड्रोजन बंधात शिरून हायड्राझीन झालं असतं तरी रेणुभार १६४च. फक्त एलसीएमएस (रेणुभार मोजणारी चाचणी) पाहून निष्कर्ष काढू नका, प्रोटॉन एनएमआर (हायड्रोजनांच्या जागा दाखवणारा वर्णपट) घ्या: हायड्राझीनमध्ये फिनाइलचे पाच प्रोटॉन ॲरोमॅटिक भागात एकत्र दिसतील, अझेपीनमध्ये ते विखुरतील आणि वलयातला एक सीएच₂ ही वेगळा मिळेल.

हे कीटेनइमीन कागदावरचं नाही. चॅपमन आणि ल रू यांनी १९७८ मध्ये गोठलेल्या आर्गॉनमध्ये फिनाइल अझाइडवर प्रकाश टाकला, तेव्हा अझाइडची २१०० सेमी⁻¹ च्या वरची आयआर (अवरक्त वर्णपटातली) पट्टी विझली आणि १८९५ च्या आसपास नवी पट्टी उभी राहिली. अशी पट्टी ना नायट्रीन देऊ शकतं, ना अझिरीन. ट्रिपलेट नायट्रीन त्याआधी, १९६२ मध्ये, स्मोलिन्स्की, वॉसरमन आणि येगर यांनी ईएसआरवर (एकटे इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या चुंबकीय वर्णपटावर) पकडलं होतं. ७७ केल्विनच्या काचेसारख्या गोठलेल्या द्रावकात ६७०० ते ७००० गॉसच्या पट्ट्यात मिळणारा एकटा संकेत ही आजही ट्रिपलेट अरिलनायट्रीनची (ॲरोमॅटिक वलयावरच्या नायट्रीनची) सर्वांत सोपी ओळख आहे, कारण सामान्य रॅडिकल ३३०० च्या आसपास दिसतात.

थंड करून बघावं, असं साहजिकच सुचतं. थंडीत वलयविस्तार मंदावतो, ट्रिपलेटकडे उतरणं तसंच राहतं. वरचे आकडे घालून पाहिलं तर दोन्ही वेग १८५ केल्विनच्या जवळ, म्हणजे उणे ८८ अंश सेल्सिअसला, सारखे होतात. आता गंमत बघा: प्रयोगशाळेत थंड करायचं म्हटलं की हात जातो तो कोरडा बर्फ आणि ॲसिटोनच्या बाथकडे, आणि त्याचं तापमान उणे ७८. तिथे कीटेनइमीन आणि ट्रिपलेट साधारण दोनास एक या प्रमाणात, म्हणजे दोन्ही वाटांचा गोंधळ एकाच नळीत. द्रव नायट्रोजन आणि इथेनॉलचा उणे ११६ अंशांचा लगदा वापरलात तर ट्रिपलेट बाजी मारतं. पण मारून मिळतं काय? अझोबेंझीन आणि ॲनिलीन. म्हणजे थंडीने डांबर कमी होतं, शिरकाव वाढत नाही. यंत्रणा समजून घ्यायला हा प्रयोग उत्तम, पदार्थ बनवायला निरुपयोगी.

शिरकाव खरंच हवा असेल तर सिंगलेटचं आयुष्य वाढवावं लागेल, आणि त्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही ऑर्थो जागांवर फ्लोरीन. एकाच बाजूला फ्लोरीन असेल तर नायट्रीन दुसऱ्या बाजूने वलय बंद करतं. पॅरा (वलयावर थेट समोरच्या) फ्लोरीनचा उपयोग नगण्य. पेंटाफ्लोरोफिनाइलनायट्रीनमध्ये अडथळा ८ ते ९ किलोकॅलरीपर्यंत चढतो आणि आयुष्य दहापट ते शेकडो पट वाढून दहा-वीस ते शेकडो नॅनोसेकंदांत जातं. तेवढ्या अवधीत ते अमीन, पिरिडीन, अल्कीन आणि हो, सायक्लोहेक्झेनलाही गाठू शकतं. पिरिडीनबरोबर बनणारं यिलाइड (शेजारच्या अणूंवर विरुद्ध भार असलेलं संयुग) ३९० नॅनोमीटरच्या आसपास ठळक शोषण करतं, म्हणून वेग मोजायला तेच वापरतात.

व्यवहारात पेंटाफ्लोरोफिनाइल अझाइडपेक्षा ४-अझिडोटेट्राफ्लोरोबेंझोइक आम्लाचं मिथाइल एस्टर सोयीचं. मिथाइल पेंटाफ्लोरोबेंझोएट आणि थोडंसं जास्त सोडियम अझाइड ॲसिटोन-पाण्याच्या मिश्रणात काही तास रिफ्लक्स केलं की पॅरा जागेवरचा फ्लोरीन जाऊन अझाइड बसतं. डायझोनियमची (अझाइड बनवण्याच्या नेहमीच्या वाटेवरच्या अस्थिर क्षाराची) भानगडच नाही. एस्टरमुळे पुढे जोडणी करता येते. प्रथिनांना किंवा पॉलिमरच्या पृष्ठभागांना रेणू चिकटवण्यासाठी जे अझाइड विकले जातात त्यातले बरेचसे याच घराण्यातले आहेत. प्रथिनांवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: डीटीटीसारखं थायोल (गंधक-हायड्रोजन गट असलेलं क्षपणकारक) अरिल अझाइडचं प्रकाशाआधीच अमीन करून टाकतं, आणि मग 'क्रॉसलिंकिंग होत नाही' म्हणून दिव्याला दोष दिला जातो. ट्रिस बफरमधलं अमीनही नायट्रीन किंवा कीटेनइमीन खाऊन टाकतं, फॉस्फेट घ्या.

तुमच्या मांडणीतले दोष वेगळे सांगायला हवेत, कारण फ्लोरीनवालं अझाइड घेतलं तरी ते तसेच राहतील. साध्या फिनाइल अझाइडचं मुख्य शोषण २५० नॅनोमीटरजवळ आहे, २८५ च्या आसपास फक्त कमकुवत खांदा. पायरेक्स २९० च्या खालचं बहुतेक सगळं अडवतं. त्यामुळे अझाइडला प्रकाश मिळतो शेपटीचा, आणि रंगीत उत्पादितांना मात्र भरपूर. २५४ च्या दिव्यासाठी क्वार्ट्झ लागेल. पायरेक्समध्येच राहायचं असेल तर वलयावर शोषण लांब तरंगलांबीकडे नेणारा गट हवा. संहती ०.०१ मोलरच्या वर नेऊ नका, नाहीतर ट्रिपलेटला अझाइड भेटत राहतं आणि अझो संयुग वाढतं. रात्रभर तर मुळीच ठेवू नका. विघटन किती झालं हे वायूवरून मोजता येतं: १ मिलिमोल अझाइडमागे २५ अंशांना साधारण २४ मिलिलिटर नायट्रोजन. यंत्रणेचा अभ्यास असेल तर २० ते ३० टक्क्यांवर थांबा. पदार्थ हवा असेल तर आयआरवर अझाइडची पट्टी संपताच. काचेवर थर दिसू लागला की द्रावण दुसऱ्या स्वच्छ नळीत काढा.

सिंगलेट-ट्रिपलेट यांचा भेद पाहायचा तर वाल्टर ल्वॉव्स्की यांचं १९६०च्या दशकातलं काम अजून वाचण्यासारखं. एथिल अझिडोफॉर्मेटपासून मिळणारं अल्कॉक्सीकार्बोनिल नायट्रीन सिस अल्कीनमध्ये सोडलं तर सिंगलेट एका झटक्यात दोन्ही बंध करतं आणि सिस ॲझिरिडीन (नायट्रोजनसह तीन सदस्यांचं वलय) देतं. ट्रिपलेट आधी एक बंध करतं, मध्ये फिरायला वेळ मिळतो, आणि सिस-ट्रान्स मिश्रण होतं. अल्कीन निष्क्रिय द्रावकात पातळ करत गेलं की सिंगलेटला भेट व्हायला उशीर होतो, ते ट्रिपलेटमध्ये उतरतं आणि मिश्रणाचं प्रमाण वाढतं. एखाद्या अभिक्रियेत सिंगलेट नायट्रीन आहे असा दावा कुणी केला तर त्याच्याकडे पातळ करण्याचा हा प्रयोग मागावा. एथिल अझिडोफॉर्मेट स्वतः मात्र बाष्पशील, विषारी आणि स्फोटक आहे; त्याऐवजी एन-(पॅरा-नायट्रोबेंझीनसल्फोनिलऑक्सी) युरेथेनवर ट्रायएथिलअमीन टाकूनही तेच नायट्रीन मिळतं, अझाइडशिवाय.

नायट्रोजन निघाला म्हणजे नायट्रीन झालं, हेही गृहीत धरू नका. कर्टियस अभिक्रियेत ॲसिल अझाइड तापवलं की नायट्रोजन जाताजाताच गट सरकतो आणि आयसोसायनेट बनतं. मोकळं नायट्रीन मध्ये येतच नाही. टीमान यांनी १८९१ मध्ये लॉसेन पुनर्रचनेसाठी (आयसोसायनेट देणाऱ्या तशाच दुसऱ्या अभिक्रियेसाठी) नायट्रीनसारखी कल्पना मांडली होती, पण ही पुनर्रचनाही आज एकाच टप्प्यात होणारी मानतात. पिव्हॅलोइल अझाइड हे नमुनेदार उदाहरण: प्रकाशाने आयसोसायनेट आणि शिरकावाची उत्पादितं दोन्ही मिळतात, आणि नायट्रीन पकडणारा द्रावक घातला तरी आयसोसायनेटचा वाटा, सुमारे ४० टक्के, हलत नाही. म्हणजे तो वाटा नायट्रीनकडून येतच नाही. उष्णतेने तर फक्त आयसोसायनेट. ऑर्थो-नायट्रोफिनाइल अझाइडचंही तसंच: शेजारचा ऑक्सिजन नायट्रोजनला ढकलून थेट बेंझोफ्युरॉक्सन करतो, म्हणून ते इतर अरिल अझाइडपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला विघटतं. आणि नॉर्बोर्नीनसारखं ताणलेलं अल्कीन वापरलं तर फिनाइल अझाइड आधी जोडलं जाऊन ट्रायझोलीन बनतं; त्यातून पुढे नायट्रोजन गेल्यावर मिळणाऱ्या ॲझिरिडीनचा नायट्रीनशी काही संबंध नसतो. अंधारातली एक तुलनेची नळी ठेवली की हे लगेच उघड होतं.

नवीन कार्बन-नायट्रोजन बंध हेच उद्दिष्ट असेल, आणि मोकळं नायट्रीन हे फक्त साधन, तर सरळ वाट दुसरीच आहे. शिरकावाची जागा त्याच रेणूत असेल तर काम खूप सोपं होतं: २-अझिडोबायफिनाइल ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनसारख्या उकळत्या द्रावकात कार्बाझोल देतं, कारण शेजारचं वलय हाताच्या अंतरावर असतं. रोडियमचं हेप्टाफ्लोरोब्युटिरेट ५ मोल टक्के आणि आण्विक चाळणी वापरली तर हेच टोल्युईनमध्ये ६० अंशांच्या आसपास जमतं. अझाइड नकोच असेल तर कॅडोगन पद्धत: २-नायट्रोबायफिनाइल आणि ट्रायफिनाइलफॉस्फीन २.५ समतुल्य, ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन, रिफ्लक्स. ट्रायएथिल फॉस्फाइट वापरणाऱ्यांना कार्बाझोलच्या नायट्रोजनवर एथिल गट बसलेलं उत्पादित मिळतं आणि ते वेगळं करताना नाकी नऊ येतात. फॉस्फीनने तो प्रश्न सुटतो, बदल्यात फॉस्फीन ऑक्साइड काढत बसावं लागतं.

दोन वेगळ्या रेणूंमध्ये नायट्रोजन हस्तांतरित करायचा तर धातूवर बांधलेलं नायट्रीन घ्या. धातू रिकाम्या ऑर्बिटलची उणीव भरून काढतो आणि वलयविस्ताराला वाव देत नाही. अल्कीनसाठी कॉपर आणि टोसिलइमिनोआयोडोबेंझीन, ॲसिटोनायट्राइलमध्ये, ५ ते १० मोल टक्के उत्प्रेरक, ४ अँगस्ट्रॉमची चाळणी. हे आयोडीन संयुग पॉलिमरी आणि जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे अभिक्रिया कुठवर आली हे डोळ्यांनीच कळतं: पांढुरका गढूळपणा गेला की संपली. टीएलसीवर टोसिलअमाइडचा ठिपका जाड दिसला तर पाणी शिरलं आहे. रेणूच्या आतल्या कार्बन-हायड्रोजन बंधासाठी द्यु ब्वा यांची पद्धत: सल्फामेट एस्टर, आयोडोबेंझीन डायॲसिटेट १.१ समतुल्य, मॅग्नेशियम ऑक्साइड २.३ समतुल्य, रोडियम ॲसिटेट २ मोल टक्के, डायक्लोरोमिथेन, ४० अंश. सहा सदस्यांचं वलय बनतं आणि त्या कार्बनाची त्रिमितीय मांडणी जशीच्या तशी राहते. मॅग्नेशियम ऑक्साइड वगळू नका. सुटणारं ॲसिटिक आम्ल तेच शोषतं.

२०२४ मध्ये ब्रेमेनच्या गटाने अतिशय अवजड गटाच्या कुशीत ठेवलेलं अरिलनायट्रीन स्फटिकरूपात वेगळं केलं. तिथेही ते जगतं ते चहूबाजूंनी वाटा अडवल्यामुळे, स्वभाव बदलल्यामुळे नव्हे. तुमच्या कामाला त्याचा लगेच उपयोग नाही.

राहिला अझाइडचा धोका. फिनाइल अझाइड पीटर ग्रीस यांनी १८६४ मध्ये बनवलं आणि तेव्हापासून त्याचे स्फोट होत आले आहेत. कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंची बेरीज भागिले नायट्रोजनचे अणू, हे गुणोत्तर ३ च्या खाली असेल तर अझाइड शुद्ध अवस्थेत साठवू नये. फिनाइल अझाइडसाठी ते २ आहे. द्रावणातच ठेवा, थंड आणि अंधारात, आणि ऊर्ध्वपातनाच्या मोहात पडू नका. छोट्या सिलिका स्तंभातून पेंटेनने काढलेलं पुरेसं शुद्ध असतं. बनवताना डायझोनियम ० ते ५ अंशांना ठेवा, जास्तीचं नायट्राइट युरियाने संपवा, सोडियम ॲसिटेटने आम्लता कमी करा आणि मगच अझाइडचं द्रावण थेंबथेंब सोडा. आम्लात सोडियम अझाइड म्हणजे हायड्रॅझोइक आम्ल: उत्कलनबिंदू ३७ अंश, विषारी आणि स्फोटक. फेस जोरात येतो, म्हणून भांडं द्रावणाच्या तिप्पट आकाराचं घ्या. धातूचा चमचा नको, आणि निष्कर्षणाला डायक्लोरोमिथेन अजिबात नको, कारण उरलेल्या अझाइडशी त्याचं डायअझिडोमिथेन होतं.

उरलेलं सोडियम अझाइड बेसिनमध्ये ओतलं तर नळांच्या तांबं-शिशात स्फोटक अझाइड साचतं. ते ५ टक्क्यांच्या आत पातळ करून धूरकपाटात, दर ग्रॅममागे २० टक्के सोडियम नायट्राइटचं ७ मिलिलिटर द्रावण आधी घाला, आणि मग ढवळत २० टक्के सल्फ्युरिक आम्ल, द्रावण आम्लधर्मी होईपर्यंत. क्रम उलटा केला तर वर सांगितलेलं हायड्रॅझोइक आम्लच सुटेल. शेवटी स्टार्च-आयोडाइड कागद निळा झाला म्हणजे नायट्राइट शिल्लक आहे, अर्थात अझाइड संपलं. सेंद्रिय अझाइडचे उरलेले अंश या पद्धतीने जात नाहीत. त्यांना ट्रायफिनाइलफॉस्फीनच्या द्रावणात टाका, नायट्रोजनचे बुडबुडे थांबेपर्यंत झाकण उघडं ठेवा, आणि आयआर घेऊन २१०० ची पट्टी गेल्याची खात्री झाल्यावरच ती बाटली कचऱ्यात द्या.